काळ्या चौकटीतलं आमंत्रण

चेरेशेवो, ३ सप्टेंबर १९९३

प्रिय जेनीताई,

तुझं पत्र मिळालं आणि त्यातला प्रश्नही. 'आतापर्यंत किती जणांना सांगितलंस?' सांगते. अकरा कोंबड्यांना. दान्यूब नदीत माझा बाप्तिस्मा कसा झाला, पाणी किती गार होतं, तू काठावर टॉवेल धरून कशी रडत होतीस आणि मला कसं हसूच आवरेना, हे सगळं त्यांना पाठ झालंय. कोंबडा तेवढा ऐकून घेत नाही. माणसांपैकी मात्र कुणालाही नाही.

हस, हस. पण काल जे झालं ते ऐकलंस तर हसणार नाहीस.

स्तामेना आणि मी तिच्या अंगणात मिरच्या भाजत होतो. तू तिला पाहिलंयस, माझी शेजारीण, जिच्या एका हाकेला सुटलेली बसही थांब्यावर परत येईल ती. तीस वर्षं झाली, दर सप्टेंबरला आम्ही दोघी एकाच पत्र्याच्या शेगडीवर मिरच्या भाजतो. ती उलथते, मी सोलते. यंदा मार्चमध्ये तिचा त्सान्को गेला. फाटकावर अजून त्याच्या मरणाचा कागद आहे, काळ्या चौकटीत टोपी घालून हसतोय. नऊ दिवसांचा कागद, त्यावर चाळीस दिवसांचा, आता महिनाअखेरीस सहा महिन्यांचा लागेल. ती अजूनही सकाळी दोन कप कॉफी करते. एक पिते आणि एक ओतून टाकते.

तर काल उलथता उलथता एकदम म्हणाली, "गर्गिना, माणूस गेल्यावर कुठं जातं गं? तू वाचतेस-बिचतेस. सांग की."

ताई, शब्द घशापर्यंत आले होते. आणि मी काय म्हणाले असेन? म्हणाले, "स्तामेना, मिरची करपतेय."

करपत बिरपत काही नव्हती.

तुला वाटेल, काय ही बाई! पण गेल्या वर्षी गिटार घेऊन चार मुलं येशूबद्दल सांगायला आली होती, तेव्हा हीच स्तामेना झाडू घेऊन त्यांच्यामागे बसथांब्यापर्यंत धावली होती. "पंथवाले आले, कोंबड्या आत घ्या!" दुकानात अजून ती गोष्ट रंगवून सांगतात. मीही त्यांच्यातलीच झालेय हे तिला कळलं तर? माझा नवरा जाऊन बारा वर्षं झाली, मूलबाळ नाही. तिच्याशिवाय मला आहे कोण? आणि बोलायला उभी राहिले की मला उचकी लागते हे तुला ठाऊक आहेच. शाळेत कवितेच्या पहिल्या ओळीला लागली होती, ती थेट दुसऱ्या दिवशी थांबली.

मला लाज वाटते, ताई. तिच्या नवऱ्याच्या मातीला मी तिचा हात धरून बसले होते. तेव्हा तर माझा बाप्तिस्माही व्हायचा होता, पण विश्वास बसला होता. आणि मी गप्प राहिले.

तुझी भित्री
गिना


रूसे, ९ सप्टेंबर

गिना,

काय म्हणावं तुला! कोंबड्यांना साक्ष देतेस?

अगं, यात भ्यायचं काय असतं? माझ्याकडे बघ. सकाळी ट्रॉलीबसमध्ये चढले की शेजारच्या बाईशी सहज विषय काढते. बेकरीत रांगेत उभी असले की तिथंही. लोक ऐकतात गं, आपण उगाच बाऊ करतो. परवा तर तिकीट तपासणाऱ्यालाही सांगितलं. तोंड उघड, बाकीचं प्रभू बघून घेईल.

आणि तोंडानं जमत नसेल तर लिही. तुला लिहायला छान येतं. एक साधा कागद काढ, मनातलं चार ओळींत लिही, छापून घे आणि गावात लाव. रविवारी घरी बोलाव सगळ्यांना. तू केक केलास की माणसं येतातच.

आमच्याकडे सगळं ठीक. प्लामेनला गोदीत बढती मिळाली. मुलगा म्हणून गुणी आहे, घरी स्वयंपाकही तोच करतो. नाही, त्याच्याशी या विषयावर फारसं बोलणं होत नाही, तो कामात असतो.

हिंमत धर.
जेनी


चेरेशेवो, २१ सप्टेंबर

प्रिय ताई,

केलं! तू म्हणालीस तसंच केलं!

स्तामेनाचा गुडघा दुखतो म्हणून त्सान्कोचा सहा महिन्यांचा कागद छापून आणायला तिनं मला तालुक्याला पाठवलं. म्हटलं, प्रभूनंच दार उघडलं. त्याच छापखान्यात माझाही कागद दिला. रात्री तीनदा लिहिला आणि तीनदा फाडला होता, चौथा दिला. छापखान्यातला माणूस फार भला. काही विचारलं नाही, फक्त म्हणाला, "फोटो आणलाय ना?" शिवणाच्या परवान्यासाठी काढलेला होता पर्समध्ये, तो दिला. उलट मलाच म्हणाला, "देव तुम्हाला धीर देवो." मला इतकं बरं वाटलं! अनोळखी माणूसही समजून घेतो बघ.

एक कागद सोबत पाठवतेय. सुरेख झालाय ना? फोटो मधोमध, वर छोटासा क्रूस, भोवती जाड काळी चौकट, अगदी नेहमीसारखा नीटनेटका. क्रूस तर मी मागितलाही नव्हता.

चाळीस प्रती आहेत. शनिवारी संध्याकाळी लावायच्या आणि रविवारी पाचला माणसं बोलवायची. स्वतः लावायची हिंमत नाही, म्हणून त्सान्कोच्या गठ्ठ्याबरोबर माझाही गठ्ठा कोस्योकाकाच्या फाटकाला अडकवून येईन. गावातले सगळे कागद तोच चिकटवतो. चिठ्ठी ठेवीन, 'दोन्ही लावा.' समोरासमोर दिला तर तो विचारणार, मला उचकी लागणार, सगळंच मुसळ केरात.

स्तामेना शुक्रवारी लेकीकडे प्लेव्हेनला जातेय, रविवारी दुपारच्या बसनं परत येईल. म्हणजे तिला बसथांब्यावरच कळेल. पुढचं मला बघवणार नाही.

प्रार्थना कर.
गिना


रूसे, २५ सप्टेंबर, शनिवार, दुपारी दोन

गिना!!

लावू नकोस! अगं बये, तो कागद लावू नकोस!

तुझं पाकीट आत्ता मिळालं. उघडलं तर आधी कागदच हातात आला. काळी चौकट, क्रूस, तुझा फोटो, तुझं नाव. मी तिथंच खुर्चीत कोसळले. अगं, हा मेलेल्या माणसाचा कागद आहे! तुला कसं दिसलं नाही? आयुष्यभर फाटकांवर तेच बघत आलीस म्हणून तुला कागद म्हटला की चौकट हवीच असं वाटलं का?

पोस्टातून तार करायला धावले, तर बंद. तुमच्या गावच्या कचेरीत फोन लावतेय, तो नुसता वाजतोय. हे पत्र तुला मंगळवारच्या आत मिळणार नाही हे मला कळतं, तरी लिहितेय, कारण हात स्वस्थ बसत नाहीत.

प्लामेन घरीच होता, माझी किंकाळी ऐकून धावत आला. त्या पाच मिनिटांत मी त्याला जे बोलून बसले ते आज सांगण्याची ताकद नाही. नंतर सांगेन.

देवा, तिचा कोस्योकाका आज आजारी पडू दे.
जेनी


चेरेशेवो, २८ सप्टेंबर

प्रिय ताई,

तुझं पत्र आज सकाळी आलं. कोस्योकाका आजारी पडला नाही.

सगळं सांगते, पण आधी पाणी पिऊन ये.

शनिवारी अंधार पडायच्या आत मी गठ्ठे अडकवले, घरी आले, खिडक्यांची दारं लावून घेतली आणि चीज भरलेल्या दोन बनित्सा नि एक अक्रोडाचा केक करायला घेतला. बाहेर डोकावलेही नाही. रविवारी सकाळी दार वाजलं. समोरच्या आळीतली म्हातारी नेदा. मी धडपडत कोठीघरात, बरण्यांच्या मागे! ती थोडा वेळ थांबली आणि "बिचारी गं" असं म्हणून गेली. मला वाटलं, मी पंथवाली झाले म्हणून तिला माझी कीव आली.

साडेचारला अंगणात पावलं वाजायला लागली. एकेक, दोन-दोन. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. मी स्वयंपाकघरात गुडघे टेकून म्हणत होते, प्रभू, एवढी माणसं शिव्या द्यायला आली असतील तर निदान केक आवडू दे. पाचला दार उघडलं.

अख्खं गाव! चाळीसेक माणसं. बायकांना काळे रुमाल, पुरुषांच्या टोप्या हातात. माझा पहिला विचार काय असेल? 'अगंबाई, प्रभूचं ऐकायला किती आदरानं आलेत!' मग नेदाच्या हातातला मयतासाठी करतात तो साखर घातलेल्या उकडलेल्या गव्हाचा थाळा दिसला, आणि दुसऱ्या हातात गुलाब. मोजले. चार. ताई, चार! दुसरीकडे बघितलं तर शेवंती, सहा. जिवंत माणसाला सम संख्येत फुलं कोण देतं?

आणि मला उचकी लागली.

नेदानं क्रूसाची खूण केली आणि थाळा छातीशी धरला. मागून कुणीतरी किंचाळलं. तेवढ्यात कोस्योकाका पुढं आला, मला नीट न्याहाळून म्हणाला, "मेलेल्याला उचकी लागत नाही. मी वीस वर्षं कागद चिकटवतोय, मला माहीत आहे."

"अहो पण छापलंय ना!" दुकानवाला ओरडला. "कागद काय खोटं बोलतो?"

"काय छापलंय? कुणी वाचलंय का?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कुणीच वाचलं नव्हतं! फोटो, नाव, 'रविवार, पाच वाजता, राहत्या घरी'. खालचं काय वाचायचं, सगळ्यांच्या कागदावर तेच असतं. कोस्योकाकानं खिशातून एक जास्तीचा कागद काढला. "माझा चष्मा घरी राहिला. गर्गिना, तुझंच मरण, तूच वाच."

ताई, मग विचार केला, लोकांनी मला मेलेली धरलंच आहे. याहून वाईट ते काय करणार? आणि मी वाचलं. दर दोन शब्दांना उचकी, तरी वाचलं. आता मला ते पाठच झालंय.

"शेजाऱ्यांनो, मी गर्गिना दोयनोवा. तुमच्या विजारी आणि पडदे मी शिवलेत. मला एक गोष्ट मिळाली आहे आणि मी भ्याले म्हणून कुणाला सांगितली नाही. येशू ख्रिस्त मेला आणि पुन्हा उठला, हे मी लहानपणापासून दर ईस्टरला लाल अंडी फोडताना म्हणत होते. पण आता ते मला खरं वाटतं. त्यामुळे मला मरणाची भीती वाटत नाही. तुमची वाटते. तरी या. अक्रोडाचा केक आहे."

मग नेदा म्हणाली, "केक खरंच आहे का?"

झालं! सगळे आत. खुर्च्या पुरल्या नाहीत, माणसं शिवणयंत्रावर टेकली. गव्हाचा थाळाही संपला, नेदा म्हणाली टाकून कशाला द्यायचा. आणि प्रश्न काय विचारले गं! कोस्योकाकाला हवं होतं की नदीत बुडवताना नाक धरतात का. नेदानं विचारलं की ज्या लेकराचं नावही ठेवलं नव्हतं ते तिला तिथं ओळखेल का. तिला असं लेकरू होतं हे मला इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं. मी जे ठाऊक होतं ते सांगितलं आणि जे नव्हतं ते नाही म्हणाले. दुकानवाला "पंथवाले सगळे सारखेच" म्हणून निघून गेला, पण बनित्साचा तुकडा घेऊन गेला. उचकी कधी थांबली ते कळलंच नाही. ताई, मी दोन तास बोलले! मी! मला इतका आनंद झाला की रात्री झोपच येईना.

पण.

मी कागद वाचत होते तेव्हा फाटकात स्तामेना येऊन उभी राहिली होती. थेट बसवरून, हातात पिशव्या, काखेत कुणाच्या तरी बागेतून ओरबाडलेली डेलिया. नंतर कळलं, थांब्यावर कोस्योकाकानं त्सान्कोचा नि माझा कागद शेजारी शेजारी लावला होता. तिनं उतरल्या उतरल्या तेच पाहिलं. माझं वाचून संपेपर्यंत ती ऐकत होती. मग फुलं जमिनीवर टाकली आणि निघून गेली.

मी रात्री तिचं फाटक वाजवलं. काल वाजवलं, आज वाजवलं. आत दिवा असतो, पण उघडत नाही. फाटकावर त्सान्को हसतोय, आणि शेजारी मी.

अख्ख्या गावाला सांगितलं. जिला सांगायचं होतं तिलाच गमावलं असं वाटतंय.

गिना


रूसे, ४ ऑक्टोबर

माझी लाडकी गिना,

तुझं पत्र प्लामेननं मोठ्यानं वाचून दाखवलं. 'तूच वाच' ला तो इतका हसला की खालच्या मजल्यावरच्यांनी छत ठोकलं.

आता माझी पाळी. बसून वाच.

मी ट्रॉलीबसमध्ये आजवर कुणालाही काही सांगितलेलं नाही. 'जरा सरका' एवढंच. बेकरीतही नाही. तिकीट तपासणाऱ्याची गोष्ट तर मी त्याच रात्री रचली. तुला धीर यावा म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे तुझ्यासमोर मोठी व्हायचं होतं. माझं शुभवर्तमान पिठाच्या डब्यात असतं, गिना. खाली पुस्तक, वर पीठ. का, तर प्लामेन हसेल म्हणून. पोटच्या पोराला भ्याले मी.

त्या शनिवारी तुझा फोटो बघून मी कोसळले. त्यानं कागद पाहिला आणि मला जवळ घेतलं, म्हणाला, "आई, रड, मोकळेपणानं रड." आणि मी म्हणाले, "मी तिला पुन्हा भेटणार आहे." तो म्हणाला, "कुठं?" मग काय, धरणच फुटलं. सगळं सांगितलं. प्रार्थनेची मंडळी, नदी, तुझा बाप्तिस्मा, माझा बाप्तिस्मा, सगळं. तो हसला नाही. शेवटी जमिनीवरचा कागद उचलून त्यानं खालपर्यंत वाचला आणि म्हणाला, "आई, मेलेली बाई केकला बोलावते का?"

मग मात्र दोघंही हसलो, रडत रडत. मी म्हणाले, एक पुस्तक दाखवते. तो उठला, पिठाचा डबा काढला, पुस्तक झटकून माझ्यापुढे ठेवलं. "वर्षभर माहीत आहे. घरात स्वयंपाक कोण करतं?" त्यानं वाचलंय म्हणे, मधूनमधून. त्याचे प्रश्न आहेत, मोठी यादी आहे. मी वाट बघत होते की तो हसेल, आणि तो वाट बघत होता की मी बोलेन.

म्हणून सांगते, आणि या वेळी उसनं अवसान आणून नाही. स्तामेनाचं फाटक वाजवत राहा. बंद दाराआड माणूस काय करतंय ते बाहेरून कळत नाही.

तुझी खोटारडी बहीण
जेनी


चेरेशेवो, १७ ऑक्टोबर

बाई जेनी यांस,

मी स्तामेना. पत्र लिहायची मला सवय नाही, चुकलंमाकलं चालवून घ्या. तुमच्या बहिणीनं सांगितलं की तिला कागद काढायची अक्कल तुम्हीच दिलीत, म्हणून हे तुम्हाला ऐकवणं भाग आहे.

त्या दिवशी मी बसमधून उतरले आणि माझी दोन माणसं एका खांबावर पाहिली. थांब्यापासून तिच्या घरापर्यंत सातशे पावलं आहेत. त्या सातशे पावलांत मी तिला पुरलं, तिच्या कोंबड्या कुणाला द्यायच्या ते ठरवलं, आणि उद्यापासून मिरच्या कोण सोलणार हा विचार आला तेव्हा कुणाच्या तरी कुंपणाला धरून ओरडले. आणि फाटकात येऊन बघते तर ही उचक्या देत वाचतेय की तिला माझी भीती वाटते!

माझी! तीस वर्षं जिच्या हातची मिरची खाल्ली तिला माझी भीती! आठ दिवस मी दार उघडलं नाही ते त्या रागानं. पंथबिंथ गेला खड्ड्यात. हिच्याजवळ एवढं औषध होतं आणि मार्चपासून मी दुखण्यानं तळमळत असताना ही ते पदराआड लपवून बसली होती. झाडू मी गिटारवाल्यांवर उगारला होता, तिच्यावर नाही. बरं, तो झाडू नसता उगारला तर तिनं सांगितलं असतं, हे मला आठव्या दिवशी कळलं. मग उघडलं.

ती रडली, मी रडले, एवढं लिहून पुरे.

काल आम्ही शेवटच्या मिरच्या भाजल्या. तुमच्यासाठी सहा बरण्या ल्युतेनित्सा, याच मिरच्यांची चटणी, ठेवलीय, पोराला घेऊन या, बघू तरी त्याला. तिचा कागद मी फाटकावरून काढलेला नाही. येणारा-जाणारा विचारतो, 'ही कधी गेली?' मी म्हणते शेजारच्या घरात जा आणि तिलाच विचार. अशानं आठवड्यात तिघं तिच्याकडे गेले. दुसरा कप आता ओतून टाकत नाही, सकाळी ती येते आणि पिते. मी अजून काही ठरवलेलं नाही, हे तिला सांगून ठेवलंय. मी घाई करणारी बाई नाही.

पण काल शेगडीपाशी मी तिला पुन्हा विचारलं. "गर्गिना, माणूस गेल्यावर कुठं जातं गं? माझा त्सान्को कुठं आहे?" तिनं हातातली सुरी खाली ठेवली आणि सांगायला लागली. हळूहळू, माझ्याकडे बघत, उचकी नाही की काही नाही. मी ऐकत होते. मध्येच मला वास आला.

मी म्हणाले, "गर्गिना, मिरची करपतेय."

ती म्हणाली, "करपू दे."